चौकटीत बसवलेली प्रगती

आमच्या पुण्यातल्या वाड्यातल्या एका गृहस्थांनी सायकलीच्या त्रिकोणात टू-स्ट्रोक इंजिन बसवले, त्याबद्दल त्यांचे जाहीर अभिनंदन करणे आम्ही कर्तव्य समजतो. खोक्यावर ८० सीसी छापले होते. ४७ मिलिमीटर बोअर आणि ३८ मिलिमीटर स्ट्रोकचा हिशेब ६६ सीसीच्या आतच थांबतो, पण उत्साहाला गणित लावू नये.

इंजिन बसेना, म्हणून त्यांनी खालच्या दांडीला हातोड्याने पोचा पाडला. कार्ब्युरेटर सीटच्या नळीला टेकला, तेव्हा नळी घासली. पायडल मारताना टाच कव्हरला अडू लागली, पायडल काढले. सायलेन्सर उजव्या पोटरीला चिकटतो, तर तो पाय फाकवून धरायचा. अडचण यंत्राची नसून माणसाच्या बांधणीत आहे, हे त्यांनी सप्रमाण सिद्ध केले. पुढल्या आवृत्तीत स्वारच वगळण्याचा विचार आहे.

कायद्याचीही त्यांना चाड आहे. २५ सीसीपर्यंतची दुचाकी मोटार वाहन ठरत नाही. हिची पडली जास्त. यावर त्यांचा तोडगा निर्दोष आहे: इंजिन सुरूच करायचे नाही. सध्या ते गाडी हाताने ढकलत दूध आणायला नेतात.

पायडल आणि इंजिन एकत्र नांदवणारी ५० सीसीची लूना पुण्याच्याच कायनेटिकने १९७२ मध्ये आणली होती. वडिलांची एक त्यांच्या जिन्याखाली होती, चालू. ती भंगारात घालूनच या इंजिनाचे पैसे उभे राहिले.