दोन इंच वर

आमचे काका गावाहून आले तेव्हा सोसायटीतला शिरीष पार्किंगमध्येच होता. काका गाडीतून उतरले, हा पुढे झाला आणि वाकला. काकांनी ‘आयुष्मान हो’ म्हणत हात वर केला. पण वाकलेला शिरीष काही वर येईना. पुढच्या डाव्या चाकाशी उकिडवा बसून तो टायरच्या अंगावरचं काहीतरी वाचत होता. शेवटी उठला आणि दुखवट्याला आल्यासारखा चेहरा करून म्हणाला, “काका, सात वर्षांचे झालेत. आता ह्यांना घेऊन घाटात जाऊ नका.” काकांना वाटलं, कुणाच्या तरी नातवंडांबद्दल बोलतोय.

टायरच्या कडेला एका लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. 1823 असेल तर तो टायर 2023 सालच्या अठराव्या आठवड्यात तयार झाला. माहिती खरी आहे, तुम्हीही आपल्या गाडीवर बघून घ्या. शिरीषचा त्रास हाच, की त्याची माहिती खरी असते. थापाड्या माणसाला हसून वाटेला लावता येतं. ह्याचं काहीच खोटं निघत नाही, त्यामुळे शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागतं.

गाडी उंच करून आडवाटेला घालणाऱ्यांची ही जमात तशी जुनी. 1985 साली जिप्सी आली तेव्हापासून पुण्या-मुंबईत जिप्सीवाले होते. पण त्यांच्या नखांत ग्रीस असायचं. जिप्सीला चारी चाकांवर पाटे. गाडी उचलायची तर पाटेवाल्याकडे जायचं, एखादा पाटा वाढवायचा, नाहीतर शॅकल लांब करून घ्यायचे, आणि पुढे मणक्यांना जे भोगायचं ते भोगू द्यायचं. त्या मंडळींना बोलायला फुरसत नसे, कारण गाडी कुठेतरी बंद पडलेली असे. 2020 च्या ऑक्टोबरात नवी थार आली आणि सगळं बदललं. ही गाडी सहसा बंद पडत नाही. मालकांकडे रिकामा वेळ आला.

शिरीष सॉफ्टवेअरमधला, पंचेचाळिशीचा, राहायला बावधन. थार घेतल्या दिवसापासून तो ‘सेटअप’ करतो आहे. गाडी ‘घेतली’ असं तो म्हणत नाही. ‘बेस व्हेइकल’ आलं म्हणतो. बायकोने साडीच्या दुकानात पाऊण तास लावला म्हणून बाहेर येरझाऱ्या घालणारा हा माणूस चार टायर ठरवायला आठ महिने बसला. मराठी माणसाला कळेल अशी मांडणी त्याने मला एकदा करून दिली. एचटी टायर म्हणजे निव्वळ प्रपंच : गुळगुळीत रस्ता, कमी आवाज, बरं ॲव्हरेज. एमटी म्हणजे संन्यास : खोल खाचा, जाड गोटे, चिखल आपला आपण झटकून टाकणार, पण डांबरावर गुरगुरणार आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला तर थांबायला वेळ घेणार. आणि एटी म्हणजे प्रपंचात राहून परमार्थ. “मग एटीच घे की,” मी म्हणालो. त्याने माझ्याकडे कीवेने पाहिलं. प्रपंचात राहून परमार्थ करणाऱ्याचा फोटो चांगला येत नाही.

लिफ्टचं प्रकरण त्याने मला गणपतीच्या आरतीत समजावलं. ‘घालीन लोटांगण’ चालू असताना. स्प्रिंग उंच बसवल्या की गाडीचं अंग दोन इंच वर जातं. पण मागच्या ॲक्सलच्या मधोमध डिफरन्शियलचा जो लोखंडी गोळा लटकतो तो होता तिथेच राहतो. दगडावर टेकतो तो नेमका तोच. त्याला उचलायचा तर टायरच मोठा हवा. कंपनीचा 255/65 आर 18 हिशेबाने एकतीस इंच उंच भरतो. तेहतीस इंची घातला तर गोळा उठणार किती? एकच इंच. उरलेला इंच धुऱ्याच्या वरच्या बाजूला जातो.

“मग लिफ्ट कशाला?” मी टाळ्या वाजवता वाजवता विचारलं.

“मोठा टायर वळताना घासू नये म्हणून.”

“आणि मोठा टायर कशाला?”

“लिफ्ट केल्यावर लहान टायर बरा दिसत नाही रे.”

पुढे मंत्रपुष्पांजली सुरू झाली म्हणून विषय तिथेच थांबला.

ह्या दोन इंचांची किंमत त्याला पाठ आहे, हे कबूल केलं पाहिजे. थारची पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत. गाडी उचलली की त्यांच्याकडे जाणारे ॲक्सल तिरके होतात आणि त्यांचे रबरी बूट लवकर फाटतात. अलाइनमेंट पुन्हा करावी लागते. हेडलाइट खाली वळवले नाहीत तर समोरचा आंधळा होतो. सगळं वजन वर गेल्यामुळे आडव्या उतारावर गाडी कलंडायची भीती वाढते. जड टायरने पिकअप बसतो. शिवाय मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं आणि मीटरला त्याचा पत्ता नसतो. काटा साठावर असतो तेव्हा गाडी चौसष्टच्या आसपास असते. एक्स्प्रेसवेच्या घाटात साठची मर्यादा आहे आणि तिथले कॅमेरे टायर कोणते ते विचारत नाहीत.

कायदाही त्याला ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं, की नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली तेच ठणकावून सांगितलं. एका बदलाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ह्यावर शिरीषचं उत्तर तयार असतं : “हा बदल नाही, ही ॲक्सेसरी आहे.” रस्त्यात पांढरा गणवेश दिसला की मात्र ही ॲक्सेसरी गल्लीतून वळते.

नाना पेठेतल्या एका जुन्या गॅरेजवाल्या चाचांकडे तो मला बरोबर घेऊन गेला होता. हातात दोन ब्रँडचे तक्ते, स्प्रिंगच्या जाडीचे आकडे, शॉकअपची लांबी. चाचांनी सगळं ऐकून घेतलं, हात पुसले आणि विचारलं, “साहेब, गाडी जाते कुठं?”

शिरीष ट्रेलच्या प्रकारांवर बोलू लागला. दगडी, चिखलाची, वाळूची.

“ते झालं. सोमवारी कुठं जाते?”

“हिंजवडी.”

“मंगळवारी?”

शिरीष गप्प. चाचा पुढे शुक्रवारपर्यंत विचारत गेले नाहीत, एवढी त्यांची माणुसकी.

मग ते म्हणाले, “एटी टाका, कंपनीच्याच मापाचे. स्प्रिंगला हात लावू नका. राहिल्या पैशात हवा भरायचा पंप घ्या आणि हवा सोडायला शिका.” आता हे खरं शहाणपण. बत्तीसची हवा अठरा-वीसवर आणली की टायर जमिनीवर लांब पसरतो, पकड वाढते, दगडाचे धक्केही तोच गिळतो. फार कमी केली तर मात्र तो रिममधून निसटतो, आणि डांबरावर यायच्या आधी हवा भरावी लागते. फुकटात होणारी ही एकच सुधारणा शिरीषने मनावर घेतली नाही. फुकट गोष्टीचं बिल थारवाल्यांच्या ग्रुपवर टाकता येत नाही.

त्याने दुसरीकडे जाऊन लिफ्ट केली आणि एमटी घातले.

पहिला फटका बसला माईंना. माई म्हणजे त्याची आई, एक गुडघा बदललेला. चढायची पायरी शिरीषने आधीच काढून टाकली होती, कारण ती खडकाला लागते. बावधनात खडक आहे तो पाषाणच्या टेकडीला, आणि तिथे माई चालायला जातात. मग सत्यनारायणाचा चौरंग गाडीत आला. आता देवळात जायचं म्हटलं की शिरीष मागचं दार उघडतो, विंचचा दोर, फावडं आणि जेरीकॅनच्या मागून चौरंग काढतो, चाकाशी मांडतो. माई त्यावर उजवा पाय ठेवतात, दरवाज्यावरची मूठ धरतात, ‘विठ्ठला’ म्हणतात आणि चढतात. शेजारपाजारचे बघत उभे राहतात. एकदा तर कुणीतरी हळदीकुंकू आहे का असंही विचारून गेलं. त्या सगळ्या सामानात नियमाने वापरली जाणारी वस्तू म्हणाल तर चौरंग. फावडं आमचा माळी नेतो.

रविवारी पहाटे सहाला चांदणी चौकात ग्रुपची सगळी मंडळी जमतात. एकमेकांच्या गाड्यांखाली वाकून पाहतात, चाक आणि मडगार्डच्या मधे चार बोटं घालून मोजतात, ‘फ्लेक्स चांगला आहे’ म्हणतात. मग ताफा पौडमार्गे मुळशीकडे निघतो. मिसळ होते. मिसळीच्या दुकानासमोर उताराला गाडी लावणं हा बऱ्याच जणांच्या रविवारचा सगळ्यात अवघड भाग. त्यातले थोडे खरोखर पुढे जातात. गोव्यात 2014 पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज सुरू झालं, तिथे उतरणारे लोक ह्यांच्यातूनच निघतात, आणि त्यांचं कसब अव्वल असतं. ते फारसे बोलत नाहीत.

एका गोष्टीसाठी शिरीषला मनापासून दाद द्यायला हवी. समुद्रकिनाऱ्यावर तो गाडी घालत नाही आणि सड्यावरही नाही. सह्याद्रीतल्या सड्यांवर बोटभर मातीत वर्षभराची झाडं-फुलं उभी असतात; ती चिरडायला एमटीचा एक फेरा पुरतो. हे त्याला कळतं. ज्यांना कळत नाही त्यांच्याविषयी मला विनोद सुचत नाही.

तो अडकतो ते रीतसर, मालकाला विचारून, भातखाचराच्या कडेला. तिथला ट्रॅक्टरवाला ह्या लोकांना ओळखून आहे. त्याचा दर पक्का : साधी गाडी असेल तर पाचशे, उंच असेल तर दोन हजार. शिरीषने हुज्जत घातली. तो म्हणाला, “साधी गाडी बांधालाच अडकते, मला लगेच काढता येते. तुमची आत जाऊन अडकते, साहेब. मला तिथवर यायला लागतं.” वर त्याने रुंद टायरकडे बोट दाखवून सांगितलं की आमच्या चिखलात बारीक चाक बरं, ते खाली कातळापर्यंत पोचतं. शिरीषने मान डोलावली. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचे टायर जेमतेम सहा इंच रुंद होते, हे त्यानेच मला सांगितलेलं.

पण ह्या घरातली खरी ट्रेल चालवणारी व्यक्ती वेगळीच आहे. त्याची बायको, डॉ. मीनल, जनावरांची डॉक्टर. वेल्ह्याकडच्या गावांत तिची नेमणूक. जुलैत, म्हैस अडली म्हणून रात्री फोन आला की ती निघते, ती तिच्या जुन्या अल्टोतून. टायर 145/80 आर 12, पोट जमिनीपासून 160 मिलिमीटर. थारच्या टायरपुढे ते सायकलचे वाटतात. थार 650 मिलिमीटर पाण्यातून जाते, हा आकडा शिरीषला झोपेतही सांगता येईल. मीनलची पद्धत वेगळी. ओहोळ आला की ती उतरते, सलवार वर खोचते, छत्रीचं टोक टेकवत पाण्यातून पलीकडे चालत जाते आणि परत येते. छत्री जिथे बुडते तिथे गाडी घालत नाही. अल्टो अलीकडे लावून पुढे चालत जाते, नाहीतर कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसते. दगडावर चाक चढवायचं, दगड पोटाखाली घ्यायचा नाही, हे तिला कुणी शिकवलेलं नाही. एकदा चेंबर फुटला, तेवढं पुरलं. परत आल्यावर ती ‘ट्रेल’ वगैरे म्हणत नाही. “रस्ता खराब होता,” म्हणते आणि आंघोळीला जाते.

मी एकदा शिरीषला म्हटलं, तिला थार का देत नाहीस? तो क्षणभर खरंच विचारात पडला. “तिला ती नको,” तो म्हणाला. “म्हणते, गोठ्यापाशी वळत नाही.”

मला तो आवडतो, हे शेवटी सांगायला हवं. भर पावसात रात्री अकराला आमच्या गाडीचं चाक बदलायला तो एका हाकेत खाली आला होता, स्वतःचा जॅक घेऊन आणि डोक्याला दिवा लावून, आणि त्याचा तो चेहरा मी दुसऱ्या कुठल्याच प्रसंगी एवढा सुखी पाहिलेला नाही.

आता मुद्द्याचं. त्याच्या थारचे कंपनीचे मूळ चार टायर आमच्या सोसायटीच्या मीटररूममध्ये पडून आहेत. नक्षी जवळजवळ कोरी आहे. सेक्रेटरींनी महिनाअखेरची मुदत दिली आहे, नाहीतर ते भंगारात जातील. कुणाला हवे असतील तर रविवारी सकाळी, ताफा गेल्यावर, येऊन घेऊन जा. मीनल घरी असते. शिरीष असताना आलात तर कशासाठी हवेत ते मात्र त्याला सांगू नका. दुपारचं जेवण चुकेल.