बुलेटची जमीन, इचलकरंजीची गाडी

इचलकरंजीत रेल्वे स्टेशन नाही. कोल्हापूर-मिरज मार्ग 1891 मध्ये सुरू झाला, तो हातकणंगल्यावरून गेला. तिथून गाव साधारण 8 किलोमीटर. यंत्रमागावर विणलेले कापड देशभर जाते, पण गावातून निघताना तागे टेम्पोतच चढतात. गावाची 2022 मध्ये महानगरपालिका झाली, तरी आगगाडीला ते कळलेले दिसत नाही. गावाला जोडणाऱ्या रेल्वेमार्गाची चर्चा मात्र दर निवडणुकीला वेळेवर धावते.

म्हणूनच इथल्या माणसाला बुलेट ट्रेनच्या बातम्या वाचताना मोठी करमणूक होते. मुंबई-अहमदाबाद, 508 किलोमीटर, वेग ताशी 320. पायाभरणी 14 सप्टेंबर 2017 रोजी. कागदावर गाडी सुसाट, आणि जमीन सातबाऱ्याच्या चालीने! एका गटात सहा वारस, त्यातला एक मुंबईत, एकाची नोंदच नाही. मोजणीवाले आले की बांधावर गाव जमा. पालघरमधल्या चिकूबागायतदारांनी आणि आदिवासी गावांनी विरोध केला, विक्रोळीतल्या जमिनीवरून गोदरेज कंपनी कोर्टात गेली. तिची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2023 मध्ये फेटाळली. बांधावरचा शेतकरी आणि मुंबईतला उद्योगपती एकाच बाजूला उभे राहिलेले असे क्वचितच पाहायला मिळते.

गाडी आधी डिसेंबर 2023 पर्यंत धावायची होती. संपूर्ण जमीन मिळाल्याची घोषणा झाली जानेवारी 2024 मध्ये.

इचलकरंजीकर अजूनही रिक्षाने किंवा एसटीने हातकणंगल्याला जातो आणि गाडी पकडतो.