एकोणपन्नास टक्के निर्धोक

युरोपीय आयोगाचे अभिनंदन! २०२२ च्या व्याख्येनुसार १ ते १०० नॅनोमीटरचे कण संख्येने निम्मे किंवा जास्त असले, तरच पदार्थ ‘नॅनो’. एकोणपन्नास टक्के असले तर साधा. आरक्षणाच्या वादानंतर पन्नास टक्क्यांच्या मर्यादेचे महत्त्व महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको.

भोसरीच्या कारखान्याच्या शेडमध्ये वेल्डिंगचा निळसर धूर फॅनच्या वाऱ्याने थेट चहाच्या कपावर उतरतो. त्यातले पुष्कळ कण याच मापाचे. पण कारखान्यातली धूळ आपण घनमीटरला मिलिग्रॅम अशी, वजनावर मोजतो; आणि या कणांना वजन म्हणाल तर नावालाच. जितका बारीक, तितका निर्दोष!

चाकणच्या कारखान्यांनी आता एक पाऊल पुढे टाकावे. प्रत्येक कामगाराच्या नाकाशी कण मोजणारा कारकून बसवावा. पन्नासावा टक्का आत शिरताच मास्क मंजूर. तोवर धुळीवर उतारा म्हणून गूळ आहेच. तोही वजनावरच.