जुने साधक

आमचे मामा मौन या विषयावर सलग दीड तास बोलू शकतात. मध्ये चहा आला तर दोन. विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर एकदा पूर्ण केलं की माणूस तिथल्या भाषेत ‘जुना साधक’ होतो, आणि मामा हे दोन शब्द ‘माजी आमदार’च्या थाटात उच्चारतात. असा एक तरी मनुष्य तुमच्याही घरात, निदान जिन्यात भेटणारा असेलच. त्याला सहज म्हणून ‘कसे आहात?’ विचारायचं नसतं.

मामा इगतपुरीला धम्मगिरीला जातात आणि जातात ते पावसाळ्यातच. शाल, विजेरी, छत्री, गुडघ्याखाली ठेवायची खास चपटी उशी, असा जामानिमा आठवडाभर आधी बैठकीत मांडून ठेवलेला असतो. ‘‘अरे, पावसातली इगतपुरी बघण्यासारखी असते,’’ ते सांगतात. मामी आतून विचारते, ‘‘बघायला जाता की डोळे मिटायला?’’

मामीचा प्रश्न रास्त आहे. मामांची नोकरी सरकारी हिशेब खात्यात गेली. त्या सगळ्या काळात त्यांना झाडं दोनच ठाऊक होती, नारळ आणि दुसरं. बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानाच्या कुंपणाशी राहून हा माणूस उद्यानाकडे पाठ करून पेपर वाचायचा. विपश्यनेकडे वळले तेही हिशेबातूनच. गोयंका गुरुजी १९६९ साली ब्रह्मदेशातून ही विद्या घेऊन भारतात आले, १९७६ मध्ये धम्मगिरी सुरू झालं, वगैरे कोणी सांगत होतं तेव्हा मामा जांभया देत होते. पण गुरुजींचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते आणि कचेरीतल्या लोकांना कचेरीतच ध्यान शिकवायचे, हे कळल्यावर मामा ताठ बसले. ‘‘म्हणजे आपल्या लाइनीतला माणूस!’’

तिथला दिनक्रम मला आता न जाताच पाठ आहे. पहाटे चारला घंटा, साडेचारला बैठक, अकराला जेवण. संध्याकाळी पाचला नव्यांना चहा, चुरमुरे आणि एखादं फळ, जुन्यांना नुसतं लिंबूपाणी. (‘नुसतं’ म्हणताना मामांचा चेहरा बघावा. त्यागाचं असं तेज मी फक्त उपवासाच्या दिवशी साबुदाणा नाकारणाऱ्यांच्या चेहऱ्यावर पाहिलंय.) पहिले तीन दिवस नाकाशी येणारा-जाणारा श्वास तेवढा बघायचा. चौथ्या दिवशी विपश्यना मिळते, मग डोक्यापासून पायापर्यंत अंगातल्या संवेदना, आणि तासभर न हलता अधिष्ठान. फोन, पुस्तक, कागद, पेन सगळं जमा. पहिल्या खेपेला पाचव्या दिवशी मामांनी टूथपेस्टची ट्यूब दोन्ही बाजूंनी वाचून काढली. वाचण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा ते मुंग्यांकडे वळले.

आणि इथे मामांचं शिबिर वाटेवरून घसरलं, किंवा वाटेला लागलं. मला नक्की सांगता येत नाही. जेवणानंतरच्या सुट्टीत ते एका दगडाशी उभे राहून मुंग्यांची ने-आण बघायला लागले. धुकं किती वाजता खोलीच्या पायरीपर्यंत चढतं, पाऊस येण्याआधी वारा कुठल्या बाजूने वळतो, याची नोंद मनात ठेवायला लागले, कारण मनाबाहेर ठेवायला कागद नव्हता. शिबिर डोळे मिटून आत बघण्याचं, आणि हे गृहस्थ घरी घेऊन आले ते शेवाळाचे प्रकार.

शिळेची हकीगत तर आमच्याकडे पाहुण्यांना सांगितली जाते. रोज उजाडता उजाडता कोणीतरी शीळ घालायचं. धड गाणं नाही, चाल नाही. मनात येईल तशी, निवांत. आर्य मौन चालू असताना! मामांचा संशय शेंडी बांधून आलेल्या एका तरुणावर गेला. दोन दिवस त्यांनी श्वास सोडून त्या मुलावर लक्ष ठेवलं आणि शेवटी धम्मसेवकाच्या कानाशी जाऊन रीतसर तक्रार केली. धम्मसेवक काही न बोलता त्यांना बाहेर घेऊन गेला आणि ओढ्याच्या ओल्या खडकाकडे बोट दाखवलं. निळसर काळा पक्षी. घरी आल्यावर मामांनी पुस्तक विकत आणून नाव शोधलं : शीळकरी कस्तुर. त्या दिवसापासून ते त्याचा उल्लेख ‘आमच्या बॅचमधला’ असा करतात.

मौन सुटतं दहाव्या दिवशी सकाळी, मंगल मैत्रीच्या ध्यानानंतर. मामांच्या खोलीतला सोबती मोठ्याने घोरायचा. ‘‘नऊ दिवस मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या रे. मौन सुटल्यावर कळलं, माझी भिजलेली छत्री रोज रात्री वळचणीखाली उघडून ठेवणारा तोच.’’ हे सांगताना मामा एरवीपेक्षा जरा कमी बोलतात. दानाबद्दल तर अवाक्षर नाही. तिथे फी नसते, शिबिर पुरं केलेल्यानेच यथाशक्ति द्यायचं. कोथिंबिरीच्या जुडीवर घासाघीस करणाऱ्या या माणसाने किती दिले, ते मामीला पासबुकावरून कळतं, आणि तीही बोलत नाही.

घरी मात्र जुन्या साधकाचा जाच असतो. दूध उतू गेलं : ‘‘अनिच्च.’’ लोकल चुकली : ‘‘अनिच्च.’’ फक्त त्यांच्या खुर्चीत कोणी बसलं की अनित्यता थोडी लांबणीवर पडते. झुरळ मारायचं नाही. पेल्याखाली धरून, खाली पोस्टकार्ड सरकवून, शेजारच्या सोसायटीच्या हद्दीत सन्मानाने सोडायचं. पावसात बाजारात जायचा प्रसंग आला की वर्षावास : बुद्धाने भिक्षूंना पावसाळ्यात एका जागी राहायला सांगितलं, पायाखाली कोवळे अंकुर आणि बारीक जीव चिरडू नयेत म्हणून. ‘‘आणि मी वाण्याकडे जाऊ?’’

कान्हेरीच्या लेण्यांत ते भाच्यांना हौसेने नेतात, पण मूर्तींपुढे फार रेंगाळत नाहीत. खडकात कोरलेल्या पन्हळी आणि पाण्याची टाकी दाखवतात. डोंगरावर पडलेलं पाणी भिक्षूंनी कसं अडवलं, हे सांगता सांगता त्यांचा आवाज चढतो आणि शेवट आमच्या सोसायटीच्या टँकरच्या बिलावर होतो. सेक्रेटरी आता त्यांना बघून दुसऱ्या जिन्याने जातो.

गेल्या पावसाळ्यात त्यांनी आग्रह करकरून मामीला पाठवलं. स्त्रियांचा विभाग वेगळा, म्हणून स्वतः घरीच राहिले आणि दहा दिवस आमटी-भात करून खाल्ला. ती परत आल्यावर मामा समोर बसले. ‘‘बोल. काय जाणवलं?’’

‘‘बरं होतं.’’

‘‘अगं, बरं म्हणजे? चौथा दिवस कसा गेला? अधिष्ठानात काय झालं?’’

मामीने थोडा विचार केला. ‘‘अहो, दहा दिवस कोणी काही विचारलं नाही. आणि ताट आयतं मिळालं.’’

यंदा दोघांनी अर्ज केलेत. मामीचं नाव लागलंय, मामांचं प्रतीक्षायादीत आहे. जुन्या साधकांचा एवढा अनुभव मोजायला नको का, असं ते येता-जाता मला विचारताहेत.