पत तुमची, आकडा त्यांचा

लोणी काळभोरात पूर्वी माणसाची पत पारावर ठरायची. कुणाचा ऊस किती, कुणाची उसनवारी कुठे, हे चहा संपायच्या आत कळे. आता ते काम सिबिल करते. 300 ते 900 मधला एक आकडा, आणि त्यापुढे सातबारासुद्धा हात जोडून उभा.

यातला न्याय बघा. ज्याने जन्मात कुणाचे कर्ज घेतले नाही, त्याला आकडाच नाही. मोबाइलपासून मिक्सरपर्यंत सगळे हप्त्यावर घेऊन वेळेत फेडणारा मात्र सातशे-साडेसातशेवर मिरवतो. मेहुण्याच्या ट्रॅक्टरला जामीन राहिलात, तर हप्ते तो थकवणार आणि डाग तुमच्या अहवालावर. पीककर्जाला सिबिल मागू नका, असे मुख्यमंत्र्यांनी 2025 मध्ये बँकांना खडसावले. बँकेतले साहेब मात्र अजूनही आधी संगणकाकडे बघतात, मग शेतकऱ्याकडे.

‘बघितला तर कमी होईल’ म्हणून कित्येकजण आपला स्कोअर उघडतच नाहीत. स्वतः तपासल्याने तो घटत नाही. दहा ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकल्याने घटतो. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही पतमाहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. फेडलेले कर्ज चालू दिसले तर तक्रार करा. 30 दिवसांत निकाल नाही लागला, तर दिवसाला 100 रुपये भरपाई. उसाच्या बिलाला इतकी शिस्त असती, तर कर्ज काढले असते कुणी?