जिथलं तिथलं

असा एक प्रत्येक घरात असतोच. आमच्याकडचा वेम्बलीला असतो. वर्षाआड खारदांड्याला येतो, बॅग उघडायच्या आधी पाकीट उघडतो आणि विचारतो, "जवळपास नवीन एटीएम झालंय का रे?"

नात्याने आतेभाऊ, वयाने मोठा म्हणून दादा. विमानतळावर पाउंड बदलून घेणं हा दादाच्या लेखी गुन्हा. "काउंटरवाला हसतो ना, त्या हसण्याचेही पैसे लावतो तो." म्हणून दोन्ही हात हलवत येणार आणि दुसऱ्या दिवशी जेट-लॅगच्या डोळ्यांनी आमच्यापैकी एकाला धरून मशिनांच्या यात्रेला निघणार. एक मशीन बंद, दुसऱ्यात फक्त नोटा भरायची सोय, तिसरं कार्ड गिळून विचार करत बसतं. चौथं बोलतं. परदेशी कार्ड ओळखून ते अदबीने सांगतं, दहा हजारांचे इतके पाउंड होतील, हा आमचा भाव, मान्य आहे का?

इथे दादा छाती काढतो. कारण त्या भावात मशीनवाल्यांनी आपला टक्का आधीच घालून ठेवलेला असतो. नाही म्हटलं, तर हिशेब व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या दराने होतो आणि तो बहुधा स्वस्त पडतो. "बघ," नकाराचं बटण दाबत दादा म्हणतो, "जिथलं तिथलंच घ्यायचं. रुपये मागितले, रुपयांतच हिशेब." त्याची तिकडची बँक वर सुमारे तीन टक्के कापते, इथलं मशीन आपलं शुल्क वेगळं घेतं, ह्याबद्दल मात्र बोलायचं नाही. चौथ्या मशिनापर्यंत झालेलं रिक्षाचं भाडं तर हिशेबात धरायचंच नाही. ते मी दिलेलं असतं.

एवढ्यावर थांबला असता तर माणूस बरा होता. पण त्या एका बटणातून त्याने अख्खं तत्त्वज्ञान काढलंय. दांड्याच्या बाजारात पापलेटच्या जोडीवर बोट ठेवून विचारतो, "जिथलं तिथलं ना?" कोळीण वर न बघता म्हणते, "न्हाय, लंडनशी आणलंय तुज्यासाटी." वहिनीने हौसेने पास्ता केला, तर ताट सरकवून सुक्या बोंबलाची चटणी मागतो, "जिथलं तिथलं!" भाचीच्या लग्नात आहेर देताना नवऱ्यामुलाला बाजूला ओढलं. दोघं बँकॉकला जाणार होती. "मशीनने रुपयांत घेऊ का विचारलं, तर नाही म्हणायचं. तिथे बाथ. जिथलं तिथलं. आणि कार्डाचा परदेशातला वापर चालू केलास का? रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमापासून नवं कार्ड बंदच येतं." फोटोग्राफर ताटकळला होता. जावयाने त्याच्या पाया पडून सुटका करून घेतली.

रांगेत उभा असला की तो जगातल्या पहिल्या एटीएमची गोष्ट सांगतो. 27 जून 1967, एनफिल्ड, उत्तर लंडन. कल्पना जॉन शेफर्ड-बॅरनची, आणि हा गृहस्थ जन्माने आपल्या शिलाँगचा! पिन सहा आकडी करणार होता, पण बायको म्हणाली की मला चारच लक्षात राहतात. दादाला ही गोष्ट फार आवडते. त्याच्या मते त्या माणसाने फक्त बायकोचं ऐकलं, बाकी सगळं आपल्या डोक्याने केलं.

एकदा आत्या कंटाळून म्हणाली, "जिथलं तिथलं, जिथलं तिथलं! मंग तू रं?" दादाने पुढचा घास जरा जास्तच चावला. मग वहिनीला विचारलं, मीठ कुठलं वापरतेस.

आता 2016 चं सांगायलाच हवं, नाहीतर आत्या मला ओरडेल. 8 नोव्हेंबरला पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि आमच्या धाकट्याची हळद येऊन ठेपलेली. कोळ्यांची हळद म्हणजे रात्रभर बॅण्ड, आणि बॅण्डवाला रोख मागणार. मशीन कार्डामागे दिवसाला दोन हजार देई, पुढे अडीच. हळदीला आलेला दादा रोज पहाटे स्वतःचं आणि बायकोचं कार्ड घेऊन लिंकिंग रोडच्या रांगेत उभा राहू लागला. दहा हजारांवरचं शुल्क दोन हजारांवर भरायचं म्हणजे त्याच्यासारख्याला ताप भरायला हवा. तो काही बोलला नाही.

एकदा मी बरोबर होतो. मशिनातल्या नोटा संपत आल्याची कुजबुज मागून पुढे आली. लोक काचेच्या दारावर थापा मारत होते. पडद्यावर पाउंडांचा भाव आला, दादाने वाचलासुद्धा नाही, मान्य केलं. शंभराच्या वीस नोटा घेतल्या, लगेच दुसरं कार्ड घातलं, पुन्हा मान्य.

हळद झाली. बॅण्डवाल्याने शंभराच्या गड्ड्या थुंकी लावून दोनदा मोजल्या आणि उजाडेपर्यंत वाजवलं. ते पैसे दादाने कधी परत मागितले नाहीत. आम्ही देऊ केले, तेव्हा कुठल्या दराने देणार ह्यावरून एवढं भांडण काढलं की विषयच बारगळला.

अजूनही येतो, अजूनही रिक्षाचं भाडं मीच देतो. त्या वेळी पाउंड का मान्य केलेस असं विचारलं की म्हणतो, "मागे रांग होती. बोट घसरलं."

पंधरा दिवस रोज घसरत होतं.