ते भांडण नव्हतं बरं का

"काल रात्री आमच्याकडे जे चाललं होतं ना, ते भांडण नव्हतं बरं का." काकूंनी कुंपणावरून मान पुढे काढून आधीच सांगून टाकलं. मी दोरीवर चादर टाकत होते. "अरे, मी घरचाच आहे, आत घे मला!" हे काकांचं साडेदहाचं वाक्य आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आलं होतं. तरी मी म्हटलं, "छे, आम्हाला काही ऐकू नाही आलं."

"आलं असणारच. अगं, विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला रामराम ठोकला. आमच्या जुन्या डब्यावर 11 चढेना, म्हणून यांनी लॅपटॉप आणला. आता जुन्यातलं सगळं नव्यात न्यायचं. पहिला मान ताईच्या लग्नाच्या शूटिंगचा. एकच फाइल, 7 जीबीची. पेन ड्राइव्ह 32 चा, अर्ध्याहून जास्त रिकामा, आणि म्हणतो काय, फाइल फार मोठी आहे!"

"खराब असेल."

"यांनीही दुकानदाराचा उद्धार केला. भाच्याला फोन लावला तर तो हसायला लागला. म्हणे मामी, जागा आहे हो, पण तो ड्राइव्ह फॅट 32 पद्धतीचा आहे. त्यात एक फाइल 4 जीबीच्या वर जातच नाही. एक्सफॅट करून घ्या. पण तसं करताना आतलं सगळं पुसलं जातं, आणि आत यांची गाडीत लावायची भावगीतं. पुसू देतायत! एक वेळ लग्न पुसतील."

भाच्याने मग दुसरी वाट दाखवली. दोन्ही कॉम्प्युटर एकाच राउटरवर आहेत, तर पेन ड्राइव्ह हवाच कशाला? जुन्यातल्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग. मग लॅपटॉपवर दोन उलट्या तिरप्या रेघा मारून जुन्या कॉम्प्युटरचं नाव टाकायचं.

"म्हणजे नेटचा डेटा संपणार," मी म्हटलं.

"मलाही तेच वाटलं. नाही गं, फाइल उंबरठा ओलांडतच नाही. काल मध्येच नेट गेलं, तरी कॉपी चालू होतं. पण आधी ही दोघं एकमेकांना ओळखच देईनात. आपलंच वायफाय लॅपटॉपला 'पब्लिक' वाटत होतं. एसटी स्टँडवर बाई पिशवी कवटाळून बसते ना, तसा बसला होता. दोन्हीकडे 'प्रायव्हेट' केलं तेव्हा कुठे जुना दिसला. आणि दिसल्या दिसल्या पासवर्ड मागायला लागला."

इथे काकूंनी आवाज खाली आणला. घरच्या माणसाची फजिती सांगताना त्यांचा आवाज नेहमीच खाली येतो आणि शब्द मात्र स्पष्ट होतात.

"यांनी लॅपटॉपचा पिन टाकला. चूक. पुन्हा टाकला. पुन्हा चूक. पाचव्यांदा ते ओरडले, तेच तू ऐकलंस. अगं, दुसऱ्याच्या दारात आपल्या घराची किल्ली फिरवून कसं चालेल? तो पासवर्ड जुन्याचा हवा. आणि जुन्याला आम्ही कधी पासवर्ड ठेवलाच नव्हता! मी म्हटलं, मग रिकामं ठेवून एंटर मारा. तेही चालेना. बिनपासवर्डच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही म्हणे. शेवटी उठून जुन्याला पासवर्ड दिला, तेव्हा उघडलं."

"चला, झालं म्हणजे."

"कुठचं! यांनी 'कट' करायला घेतलं. मी हातच धरला. मध्येच लाइट गेली तर अर्धे फोटो इकडे, अर्धे तिकडे. पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत शोधत फिरायचं? कॉपी करा, चार ठिकाणी उघडून बघा, मग जुन्यातलं पुसा. बरं, वायफायवर 40 मिनिटं दाखवत होता. भाचा म्हणाला, केबल लावा. दोन्हीकडे लॅनच्या केबली लावल्या, तर तेच लग्न दीड मिनिटात आलं. अगं, लग्नात अंतरपाट धरून उभं राहायलाही त्याहून जास्त वेळ लागला होता! बारक्या फोटोंनी मात्र छळलं. एकेक उघड, एकेक ठेव, तांदूळ निवडल्यासारखं. झोपायला साडेबारा."

मी चादरीला शेवटचा चिमटा लावला. आमच्याकडेही जुना कॉम्प्युटर पडून आहे, म्हणून विचारलं, "काकू, त्या केबली दोन दिवस मिळतील?"

"ने की. पण त्याआधी आमचा 64 चा पेन ड्राइव्ह पाठव. गणपतीत गाणी भरायला तुझ्या मुलाने नेलाय. तो एक्सफॅटचाच आहे. घरात असता तर कालचं रामायण झालंच नसतं."